लिस्बन शहरातील पहिला दिवस

परदेशच्या सहलीचे वर्णन करावयाचे म्हणजे आठ-दहा दिवसांतील शहरे, राजवाडे आणि संग्रहालये यांची जंत्री द्यावी अशी एक रीत पडून गेली आहे. अशी जंत्री कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते. म्हणून मी येथे केवळ एका दिवसाविषयी लिहिणार आहे. परक्या देशात पाऊल ठेवल्यापासून रात्री अंथरुणावर पाठ टेकेपर्यंत काय काय घडते, ते का घडते, आणि आपण कोठून आलो आहोत याची आठवण त्या दिवशी कशी होते, एवढेच सांगण्याचा माझा हेतू आहे.

२०२४ सालच्या मे महिन्याच्या सुटीत मी माझ्या आईला घेऊन स्पेन व पोर्तुगाल या देशांच्या सहलीस गेले होते. सहल एका प्रवासी कंपनीने आखलेली होती. आम्ही एकूण बत्तीस जण होतो व बहुतेक मंडळी महाराष्ट्रातील होती. गोव्याचे आम्ही दोघीच. आईचे वय त्या वेळी त्र्याहत्तर होते. तिचा जन्म १९५१ सालचा, फोंडे महालातील. म्हणजे गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि सकाळी सरकारी पोर्तुगीज शाळेत व सायंकाळी देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी वर्गात शिकत होती. पोर्तुगीज शाळेत ती तिसऱ्या इयत्तेपर्यंत पोचली होती. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामा, १९५५ च्या सत्याग्रहाच्या दिवसांत पकडले गेले आणि त्यांनी चार वर्षे आग्वादच्या किल्ल्यातील तुरुंगात काढली. त्यामुळे पुढे साठ वर्षांवर काळ लोटला तरी आईच्या तोंडून पोर्तुगीज भाषेचे एक वाक्यही मी कधी ऐकले नव्हते. स्पेन पाहण्यास ती आनंदाने तयार झाली. पोर्तुगालचे नाव निघताच मात्र ती म्हणाली, "बाय, तें म्हाका नाका." परंतु सहलीचा आरंभच लिस्बनपासून होता. तेव्हा तिचा नाइलाज झाला.

निघण्यापूर्वीच्या तयारीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पहिल्या दिवसाचे सुख या तयारीवर अवलंबून असते. पोर्तुगाल हा शेंगेन करारातील देश आहे. या करारात आज एकोणतीस देश सामील आहेत. त्यांपैकी एका देशाचा अल्पकालीन व्हिसा मिळाला की बाकीच्या देशांतही जाता येते, मात्र कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांच्या काळात नव्वद दिवसांहून अधिक राहता येत नाही. व्हिसासाठी किमान तीस हजार युरो रकमेचा आजारपणाचा विमा दाखवावा लागतो. वृद्ध माणसास घेऊन जाताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषधे मोठ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. मोठे सामान कधी कधी एक विमान चुकवते, पण रक्तदाबाची गोळी चुकवून चालत नाही.

गोव्याहून मुंबई, मुंबईहून आखातातील एक शहर, आणि तेथे विमान बदलून लिस्बन असा आमचा मार्ग होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास आम्ही लिस्बनच्या विमानतळावर उतरलो. आईच्या मनगटावरील घड्याळात मात्र पाच वाजले होते. हा साडेचार तासांचा फरक कोठून आला, याचा हिशेब भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ पूर्व रेखांश साडेब्याऐंशी अंशांवरून धरतात आणि लिस्बन पश्चिम रेखांश सुमारे नऊ अंशांवर आहे. दोहोंमधील अंतर साडेएक्क्याण्णव अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सहा तासांहून थोडे अधिक होते. परंतु पोर्तुगालने आपली घड्याळे ग्रीनिचच्या वेळेशी जुळवली आहेत. त्यामुळे हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा असतो, आणि उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्यामुळे तो साडेचार तासांवर येतो. मी आईच्या घड्याळाचे काटे मागे फिरवले. ती म्हणाली, "काटे मागे गेले म्हणून भूक मागे जात नाही गो." तिचे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्याही बरोबर होते. झोप, भूक व शरीराचे तापमान यांना शरीरातील एक अंतर्गत लय नियमात ठेवते आणि ती नव्या वेळेशी जुळण्यास काही दिवस लागतात. त्यावर सोपा उपाय असा की, पहिल्या दिवशी दुपारी झोपू नये, उजेडात हिंडावे आणि तेथील रात्र झाल्यावरच निजावे.

लिस्बनच्या विमानतळास उंबेर्तू देल्गादू यांचे नाव देण्यात आले आहे. हे पोर्तुगालच्या विमानदलातील सेनापती. १९५८ साली हुकूमशहा सालाझार यांच्या पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, नंतर त्यांना देश सोडावा लागला, आणि १९६५ साली सालाझारच्या गुप्त पोलिसांनी त्यांना ठार मारले. २०१६ साली विमानतळास त्यांचे नाव मिळाले. विमानातून उतरताना मला या नावाचे विशेष वाटले नव्हते. संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ थोडा अधिक कळला.

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आईचा पासपोर्ट उघडला. त्यात जन्मस्थान गोवा आणि जन्मसाल १९५१ पाहून तो तरुण हसला आणि त्याने पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारले. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंद करून घेण्याची सोय त्या देशाच्या कायद्यात आहे आणि पुष्कळ गोमंतकीयांनी तिचा लाभ घेतला आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वास स्थान नसल्यामुळे त्यांना भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. बहुधा त्या अधिकाऱ्यास आई भारतीय पासपोर्टावर आल्याचे नवल वाटले असावे. आईला प्रश्न समजला, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसले. पण ती गप्प राहिली. मी इंग्रजीत उत्तर दिले, शिक्के उमटले आणि आम्ही बाहेर पडलो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातील या देशांनी शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र संगणकात नोंदण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. त्यामुळे आमच्या पासपोर्टांवरील ते शिक्के आता जुन्या पद्धतीचे स्मारक झाले आहेत.

बाहेर आमची मोटारबस उभी होती. मार्गदर्शकासह केलेल्या सहलीत दोन माणसे महत्त्वाची असतात. पहिला सहलीचा व्यवस्थापक. तो आपल्यातलाच असतो व आरंभापासून अखेरपर्यंत सोबत राहतो. माणसे मोजणे, जेवणाची व्यवस्था लावणे, हरवलेल्या चष्म्याचा शोध घेणे ही त्याची कामे. दुसरा स्थानिक गाईड. तो त्या त्या शहरापुरता येतो आणि तेथील इतिहास सांगतो. लिस्बनची आमची गाईड ही मध्यम वयाची, शांत बोलणारी बाई होती. तिने प्रत्येकाच्या गळ्यात एक लहानसे यंत्र अडकवले व कानात लावण्याची बोंडी दिली. ती हळू बोलली तरी तिचा आवाज पन्नास पावलांवर ऐकू येई. एका ठिकाणी चार-पाच गट उभे असले तरी गलका होत नाही, हा या यंत्राचा मोठा उपयोग. बसच्या चालकालाही तेथे कडक नियम आहेत. साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती घेतलीच पाहिजे, आणि दिवसाकाठी सामान्यतः नऊ तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. हे सर्व गाडीतील एका यंत्रात आपोआप नोंदले जाते. "लवकर या" असा व्यवस्थापकाचा जो घोष सतत चालू असतो, त्याचे एक कारण हे आहे.

आम्ही प्रथम गेलो ते तेजु नदीच्या काठावरील व्यापार-चौकात. तिन्ही बाजूंना पिवळ्या रंगाच्या कमानदार इमारती आणि चौथ्या बाजूस समुद्रासारखी विस्तीर्ण नदी, असे ते दृश्य आहे. येथे पूर्वी राजवाडा होता आणि त्याला लागूनच 'काझा दा इंदिया', म्हणजे भारतगृह, या नावाची कचेरी होती. मलबारची मिरी आणि पूर्वेकडील इतर मसाले जहाजांतून उतरून येथे येत व त्यांचा हिशेब येथे ठेवला जाई. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी लिस्बनला भयंकर भूकंपाचा धक्का बसला. तो ख्रिस्ती लोकांच्या सणाचा दिवस असल्यामुळे चर्चे माणसांनी भरलेली होती आणि तेथे मेणबत्त्या जळत होत्या. धक्क्यामागून आग लागली, नदीतून समुद्राच्या प्रचंड लाटा आत घुसल्या, आणि हजारो माणसे प्राणास मुकली. राजवाडा, त्यातील ग्रंथालय व भारतगृहाची दप्तरे नष्ट झाली. पुढे पोंबाल या प्रधानाने शहराचा हा सखल भाग सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी नव्याने बांधला आणि घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे बसवले, म्हणजे पुन्हा भूकंप झाला तरी घर डोलेल पण कोसळणार नाही. भूकंपाचा विचार करून केलेल्या नगररचनेचे हे युरोपातील एक आरंभीचे उदाहरण मानले जाते.

चौकातून बस हलली तशी आई खिडकीबाहेरच्या पाट्या वाचू लागली. ती मोठ्याने वाचत नव्हती, पण तिचे ओठ हलत होते. मीही वाचू लागले, आणि पाहते तो काय, निम्मे शब्द घरचेच! पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, लिलाव, काजू, अननस, घमेले, नाताळ हे शब्द मराठीने पोर्तुगीजमधून घेतले आहेत. हापूस आंब्याचे नावही आफोन्सु या पोर्तुगीज नावावरून आले. खिडकीला आमच्या कोंकणीत 'जनेल' म्हणतात, तोही शब्द तेथलाच. उलट दिशेनेही शब्द गेले आहेत. आंब्याला पोर्तुगीजांनी दिलेले 'मांगा' हे नाव आणि फणसाला दिलेले 'जाका' हे नाव मूळ दक्षिण भारतातील आहे. आई एकदम म्हणाली, "आणि तुरुंग?" मी चपापले. मराठीतील 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीज 'त्रोंकु' या शब्दावरून आला, असे कोशकार सांगतात. मी तसे सांगितले. आई पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

बेलें या नदीकाठच्या उपनगरात आम्ही तीनच्या पुढे पोचलो. येथूनच १४९७ च्या जुलैमध्ये वास्को द गामाची जहाजे निघाली होती. नदीच्या अगदी काठाशी 'शोधांचे स्मारक' उभे आहे. जहाजाच्या नाळेसारखा त्याचा आकार असून दोन्ही बाजूंस दगडी मूर्तींची रांग वर चढत गेलेली आहे. सर्वांत पुढे राजपुत्र हेन्री, त्याच्या मागे गामा, आल्बुकेर्क, सेंट झेवियर, हातात काव्याचे पान घेतलेला कवी कामोंइश आणि इतर पुष्कळ. हे स्मारक प्रथम १९४० साली एका प्रदर्शनासाठी तात्पुरत्या सामग्रीने उभारले होते व १९६० साली ते काँक्रीट आणि दगडात कायमचे बांधले. समोरच्या फरशीवर संगमरवराचे मोठे होकायंत्र व त्यात जगाचा नकाशा आहे. पोर्तुगीज जहाजे जेथे जेथे पोचली तेथे तेथे साल कोरलेले आहे.

गाईड बाई सांगत होत्या, "१४९८ साली वास्को द गामाने भारताच्या सागरी मार्गाचा शोध लावला." आई नकाशावरील भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ उभी होती. तिने मला हळूच म्हटले, "तिला विचार, आम्ही हरवलो होतो का?"

प्रश्न विचारावा की न विचारावा अशा विचारात मी क्षणभर पडले. परक्याच्या घरी जाऊन वाद घालणे बरे नव्हे, असे आपले संस्कार सांगतात. पण शिक्षकाने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास सांगावे आणि स्वतः गप्प बसावे, हेही बरे दिसत नाही. मी तो प्रश्न नम्रपणे इंग्रजीत विचारला. गाईड बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की, हा शब्द वापरावा की नाही यावर त्यांच्या देशातच वाद आहे. २०१८ साली लिस्बनमध्ये 'शोधांचे संग्रहालय' काढण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा शंभराहून अधिक इतिहासकारांनी व अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून त्या नावास विरोध केला. जेथे माणसे आधीच राहत होती त्या भूमीचा 'शोध' लागला असे म्हणणे म्हणजे केवळ एका बाजूने इतिहास सांगणे होय, असे त्यांचे म्हणणे होते.

या ठिकाणी विद्यार्थ्यांनी इतिहासातील दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. गामाची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून निघून हिंदी महासागर ओलांडून आली, ती तेथे मिळालेल्या एका जाणकार वाटाड्याच्या साह्याने. हा समुद्रमार्ग अरब, गुजराती व आफ्रिकी खलाशांच्या नित्याच्या येण्याजाण्यातला होता. दुसरी गोष्ट अशी की, कालिकतला गामाचा जो पहिला माणूस किनाऱ्यावर उतरला, त्याची गाठ स्पेनची भाषा बोलणाऱ्या ट्यूनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी पडली! गामाच्या सफरीतील माणसाने लिहिलेल्या रोजनिशीतच याची नोंद आहे. तेव्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपातून थेट भारतात येणे हा गामाचा पराक्रम खराच होता. नवा होता तो युरोपापासून आफ्रिकेला वळसा घालणारा सलग मार्ग. भारत मात्र कोणालाही नवा नव्हता.

तेथून एका भुयारी पादचारी मार्गाने रस्ता व आगगाडीचे रूळ ओलांडून आम्ही जेरोनिमुश मठाकडे गेलो. राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी याचे बांधकाम सुरू केले आणि ते जवळजवळ शंभर वर्षे चालले. त्यासाठी आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर सुमारे पाच टक्के कर लावलेला होता. सोप्या भाषेत बोलायचे तर मलबारच्या मिऱ्यांचा या दगडांत मोठा वाटा आहे. आतील खांब ताडामाडांसारखे उंच जाऊन छतापाशी फांद्यांप्रमाणे पसरतात. भिंतींवर जहाजाचे दोर, गाठी व खगोलयंत्रे कोरलेली आहेत. १७५५ च्या भूकंपातही ही वास्तू टिकून राहिली. दाराजवळ एका बाजूस वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ साली कोचीन येथे मरण पावला आणि पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. दुसऱ्या बाजूस कामोंइशची समाधी. हा कवी १५५३ साली गोव्यात आला, पूर्वेकडे पुष्कळ वर्षे त्याने हलाखीत काढली, आणि १५७२ साली 'ओश लुझियादश' हे त्याचे महाकाव्य प्रसिद्ध झाले.

हा मठ येथे उभा राहत होता, त्याच शतकात गोव्यातील तिसवाडी, बारदेस व साष्टी या महालांतील देवळे पाडली गेली आणि भक्तांनी आपली दैवते नदीपार अंत्रुज महालात नेली. आमचे कुलदैवतही असेच साष्टीतून आलेले. आई त्या उंच छताकडे बराच वेळ पाहत राहिली. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "दगडाचे काम सुंदर आहे. ज्याने छिन्नी चालवली त्याचा काय दोष?"

मठाजवळच १८३७ पासून चालत आलेले मिठाईचे एक प्रसिद्ध दुकान आहे. कुरकुरीत पारीच्या लहान वाट्यांत दूध, साखर व अंड्यातील पिवळा बलक यांचे दाट पूरण घालून भाजलेला हा पदार्थ खाण्यासाठी रस्त्यावर रांग लागते. मठांत अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ देण्यासाठी वापरीत आणि उरलेल्या बलकाची मिठाई करीत, असे सांगतात. आमच्या गोव्यातील बेबिंक याच कुळातली. पण त्या दिवशी गुरुवार होता. आईने विचारपूस करून अंडे आहे अशी खात्री होताच आपला वाटा कागदात गुंडाळला आणि शुक्रवारसाठी पिशवीत ठेवून दिला.

या रांगेने आमचा घात केला. सव्वासहा वाजता मठासमोर बसपाशी जमायचे होते. आम्ही पाच मिनिटे उशिरा पोचलो, तो बस नाही! मोठ्या गाड्यांना तेथे फार वेळ उभे राहू देत नाहीत, हे मला नंतर कळले. गळ्यातील यंत्र काही अंतरापुरतेच चालते, त्यामुळे त्यात नुसती खरखर ऐकू येत होती. माझ्या फोनची परदेशातील सेवा अजून सुरू झालेली नव्हती. मी घाबरून इकडेतिकडे धावू लागले. इंग्रजीत दोघांना विचारले, पण ते आमच्यासारखेच प्रवासी निघाले.

आई मात्र बागेतील बाकाकडे गेली. तेथे तिच्याच वयाची एक पोर्तुगीज बाई बसली होती. आईने हात जोडले आणि म्हणाली, "बोआ तार्दी, सिन्योरा." नंतर ती अडखळली, आणि बसला गोव्यातील जुनी माणसे जो शब्द वापरीत तोच तिने वापरला, "कार्रेर." त्या बाईने लगेच शहरबसच्या थांब्याकडे बोट दाखवले, कारण त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नेमाने धावणारी बस असा आहे. आईने मान हलवली. "ग्रांदी," ती म्हणाली, म्हणजे मोठी, आणि तिने बोटांनी बत्तीस माणसे दाखवण्याचा प्रयत्न केला. दोघी हसल्या. मग ती बाई उठली आणि आम्हांला घेऊन त्याच भुयारी मार्गाने नदीच्या बाजूस निघाली. प्रवाशांच्या मोठ्या गाड्या तेथे उभ्या करतात, हे तिला ठाऊक होते.

वाटेत तिने विचारले, कोठून आलात? आईने सांगितले, "गोआ." ती बाई थबकली आणि भराभर बोलू लागली. आईला त्यातले थोडेच कळले. इर्मांव म्हणजे भाऊ, गेर्रा म्हणजे युद्ध, आणि अंगोला. तिचा थोरला भाऊ अंगोलाच्या युद्धावर गेला होता. तो परत आला की नाही, हे आईला नीट उमगले नाही. पण त्या बाईचा आवाज बदललेला होता. आई म्हणाली, "मेउ इर्मांव," आणि पुढचा शब्द तिला क्षणभर सापडेना. मग म्हणाली, "प्रिझांव." माझा भाऊ, तुरुंग. त्या बाईने आईचा हात हातात घेतला, दुसरा हात हवेत झटकला आणि एकच नाव उच्चारले, "सालाझार." त्या नावाचा फोटो आईच्या वर्गातील भिंतीवर टांगलेला असे.

बस नदीकाठी उभी होती. व्यवस्थापक आमच्याच शोधात निघाले होते. ते रागावले नाहीत, पण पुढे प्रत्येक ठिकाणी त्यांनी आम्हां दोघींना प्रथम मोजले. निरोप घेताना आई म्हणाली, "मुइतु ओब्रिगादा." स्त्री बोलत असेल तर शब्दाच्या शेवटी 'आ' लावायचा, हा शाळेतील नियम तिला साठ वर्षांनंतरही अचूक आठवला होता.

त्या दोघींना जे एका नावात समजले ते विद्यार्थ्यांना थोडे उलगडून सांगते. सालाझार यांची हुकूमशाही १९३० च्या सुमारास घट्ट झाली. तिने गोव्यात सभा, लेखन व सत्याग्रह यांवर बंदी घातली आणि खुद्द पोर्तुगालमध्येही विरोधकांना तुरुंगात टाकले. गोव्याच्या काही स्वातंत्र्यसैनिकांना पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात डांबले होते. डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे त्यांपैकीच एक. त्याच किल्ल्यात पोर्तुगीज राजबंदीही होते. १९६१ साली अंगोलात स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि नंतर गिनी व मोझांबिक येथेही ते पसरले. तेरा वर्षे पोर्तुगालचे तरुण सक्तीने तिकडे पाठवले जात होते. अखेर या युद्धांना कंटाळलेल्या सैन्यानेच २५ एप्रिल १९७४ रोजी ती राजवट उलथून टाकली. बेलेंहून जो भव्य तांबडा झुलता पूल दिसतो, तो १९६६ साली सालाझारच्या नावाने खुला झाला होता. क्रांतीनंतर त्याचे नाव 'पंचवीस एप्रिल पूल' असे ठेवले गेले. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नव्या पोर्तुगालने भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. आमचे मामा ज्या आग्वादच्या तुरुंगात होते तेथे आता संग्रहालय आहे. पेनिशच्या किल्ल्यातही २०२४ साली प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडण्यात आले. दोन्ही तुरुंगांची दारे आता शाळेतील मुलांसाठी उघडी आहेत.

हॉटेलात पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि बाहेर चक्क ऊन होते. मेच्या अखेरीस तेथे सूर्य नवाच्या थोडा आधी मावळतो. आईने वरण-भाताची आठवण काढीत भाकरीसारखा पाव व भाजीचे सूप खाल्ले, गोळी घेतली, आणि दिवस मावळेपर्यंत जागी राहण्याचा नियम पाळण्यासाठी खिडकीशी बसली. मी विचारले, "दुपारी त्या अधिकाऱ्याला उत्तर का दिले नाहीस?"

ती म्हणाली, "तो सरकारचा माणूस. सरकारशी बोलायला मला ती भाषा नको होती. ती बाकावरची बाई माझ्यासारखीच होती." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आमच्या पोर्तुगीज शाळेच्या बाई गोव्याच्याच होत्या. फार मायाळू. घरी दादा तुरुंगात, म्हणून मला शाळेत त्यांनी शिकवलेले आवडते असे सांगायची लाज वाटे. आज त्यांची आठवण झाली." दादाच्या अटकेची गोष्ट तिने मला अनेकदा सांगितली होती. या शाळेतील बाईंविषयी मात्र मी प्रथमच ऐकत होते, आणि त्यासाठी मला तिला घेऊन इतक्या दूर यावे लागले होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण मोठेपणी परदेशी जातील. तेव्हा औषधे हातातील पिशवीत ठेवा, बसची जागा व व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि रांग मोठी असेल तर मिठाईचा मोह आवरा. परंतु त्याआधी घरातल्या घरात करण्यासारखे एक काम आहे. आपले आजी-आजोबा कोणत्या शाळेत गेले, तेथे त्यांना कोण शिकवत असे आणि कोणते शब्द त्यांनी वर्षानुवर्षे उच्चारले नाहीत, हे त्यांना विचारा. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, गोवा, कोठलेही घर असो, अशा शब्दांची एक पेटी त्या घरात असतेच. वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर ती उघडता येते. मी आईसाठी एक वही घेतली आहे आणि रोज संध्याकाळी ती त्यात दोन-चार शब्द लिहिते. पहिल्या पानावरचा पहिला शब्द तिने मराठी, कोंकणी व पोर्तुगीज या तिन्ही भाषांत लिहिला आहे. तो शब्द आहे 'भाऊ'.